टायरच्या तेलाचे रोडगे

सुभद्राबाईला नाक होतं, हाच काय तो तिचा गुन्हा.

तसं खैरडोहात नाक सगळ्यांनाच होतं. पण गेली चार वर्षं गावाने नाकाला दोनच कामं ठेवली होती. सर्दीत शिंकायचं आणि दुसऱ्याच्या घरात खुपसायचं. वास घेणं बंद. घेतलाच तर बोलायचं नाही, आणि कोणी बोललंच तर त्याच्याकडे असं बघायचं, जणू तो वास त्यानेच सोडलाय.

नागपूरहून मौद्याकडे जाताना हमरस्ता सोडून आत वळलं की खैरडोह लागतं. धान, गहू, थोडी मिरची, मधून वाहणारा नाला आणि नाल्याकाठी मारुतीचं देऊळ. चार वर्षांपूर्वी नाल्याच्या वरच्या अंगाला कंपाउंड उभं राहिलं, पत्र्याचं शेड आलं, धुराडं आलं आणि फाटकावर हिरवी पाटी लागली. पाटीवर एक पान काढलेलं होतं आणि खाली ‘हरित ऊर्जा’ असं लिहिलेलं होतं. पाटी रंगवणाऱ्याला हसू कसं आवरलं कोण जाणे.

आत काय चालायचं? टायरातून तेल काढायचं काम. दुनियेला तेल जमिनीच्या पोटात सापडतं, समुद्राच्या तळाशी सापडतं. नागपूरच्या आसपास तसलं काही नाही, म्हणून माणसाने ही युक्ती काढली. देशभरातले झिजलेले, फाटलेले टायर ट्रक भरभरून आणायचे, घराएवढ्या लोखंडी पिंपात कोंबायचे, झाकण घट्ट लावायचं आणि खालून जाळ घालायचा. आतले टायर वितळतात, त्यांची वाफ होते, ती वाफ थंड केली की काळंकुट्ट तेल टपकतं. ते तेल दुसऱ्या भट्ट्यांना जाळायला विकतात. मागे उरतात तारांचे गुंते आणि पिठाहून बारीक काजळी. तेल टँकरमधून जातं, तारा भंगारात जातात, आणि काजळी कुठे जाते हे विचारायचं नाही. ती खैरडोहात राहते. तुळशीच्या पानावर, म्हशीच्या पाठीवर, लहान लेकरांच्या शेंबडात. पहाटे पिंपाचं झाकण उघडलं की जो वास सुटतो, तो जळक्या रबराचा म्हणावा तर त्याहून गोड असतो, आणि त्या गोडपणाचीच जास्त किळस येते.

नाल्याच्या पाण्यावर मोरपिशी तवंग धरला. आधी लेकरं तो बघायला जायची. मग दोन विहिरींच्या पाण्याला तीच चव आली, तेव्हा कंपनीने टँकर सुरू केला. ज्याने पाणी नासवलं त्यानेच पाणी पाठवलं, आणि गावाने पहिल्या टँकरला हार घातला! हो, झेंडूचा हार. सरपंच नत्थूजींनी नारळ फोडला.

लोकांचीही एक अडचण होतीच. गावातली डझनभर पोरं कंपनीत लागली होती. त्यांचा म्होरक्या दुर्गेश, सुभद्राबाईचा सख्खा पुतण्या. आयटीआय शिकलेला, आता तिथला सुपरवायझर. त्याच्या अंगाला ते तेल इतकं मुरलं होतं की तो दारात आला की सुभद्राबाई आधी ओसरीवरचं वाळवण झाकायची.

वाळवण हाच तिचा धंदा. माघ संपला की तिच्या अंगणात गहू भिजायचा, तीन दिवस पाणी बदलत आंबायचा, मग त्याचा चीक काढून ती भल्या पहाटे शिजवायची आणि सोऱ्यातून कुरडया घालायची. त्याखेरीज तांदळाचे पापड, काडीला गुंडाळून केलेले सरगुंडे, मुंगवड्या. पण नाव होतं कुरडयांचं. बगळ्याच्या पंखासारख्या पांढऱ्या. उन्हाळ्यात ती दोन पिशव्या घेऊन बस धरायची आणि नागपुरात रामदासपेठेतल्या बिल्डिंगांत फिरायची. डॉक्टरांच्या, वकिलांच्या बायका तिची वाट बघायच्या. पोरीचं लग्न तिने त्या कुरडयांवर केलं होतं, नवऱ्यापुढे हात न पसरता. हा तिचा ताठा होता, आणि तो तिला शोभायचा.

कंपनी आल्यावर दुसऱ्याच उन्हाळ्यात कुरडयांवर काळे ठिपके दिसायला लागले. ती वरून पातळ लुगडं टाकायची, तरी यायचे. मग तिने अंगण सोडलं आणि घरात खाटांवर वाळवायला सुरुवात केली. ठिपके गेले. वास मात्र खाटेखालूनही आला, कौलातूनही आला.

गेल्या मार्चात रामदासपेठेतल्या अरुंधतीबाईंनी तिला दारातच थांबवलं. वीस वर्षांचं गिऱ्हाईक. बाई स्वभावाने मऊ, म्हणून जास्तच लागलं.

“सुभद्राबाई, रागावू नका हं. पण तळताना घरभर पेट्रोल पंपासारखा वास सुटला. तुम्ही तेलाच्या डब्याजवळ तर नाही ना ठेवल्या?”

सुभद्राबाईने पैसे परत केले, पिशवी उचलली, आणि जिना उतरताना तिला इतकी लाज वाटली, की रस्त्यावर येईपर्यंत तिने डोक्यावरचा पदर खाली घेतला नाही. घाण दुसऱ्याने करायची आणि लाज हिने वाटून घ्यायची. हा कुठला न्याय?

घरी येऊन तिने पाच-सहा कुरडया तळल्या आणि ताट नवऱ्यापुढे ठेवलं.

“अजी, खाऊन सांगा. वास येते का?”

रुपरावांनी एक कुरडई मोडली, तोंडात टाकली, सावकाश चावली.

“मले तं नाही येत.”

“नीट पाहा.”

“नाही येत म्हटलं ना वं! तुया डोक्यातच वास भरला हाय. दुर्गेश तिथं काम करते म्हणून तुले सगळीकडं तेलच दिसते.”

विषय संपला. त्या घरात, आणि गावातल्या प्रत्येक घरात, तो असाच संपायचा.

आता हे रुपराव म्हणजे काही ऐरेगैरे नव्हेत. चार एकर धानाची शेती, बोलणं कमी, आणि पंचक्रोशीत मान एका गोष्टीसाठी. रोडगे. मारुतीच्या नावाने गावजेवण असलं की रोडगे रुपरावांनीच भाजायचे, हा त्यांच्या बापापासूनचा मान. जाडसर कणकेत ओवा आणि मोहन घालून वळलेले गोळे, गोवऱ्यांचा ढीग पेटवून त्याच्या निखाऱ्यात पुरायचे. त्या ढिगाला जगरा म्हणतात. जगरा कधी पेटवायचा, कधी उलथायचा, गोळा आतून शिजला हे कसं ओळखायचं, ते रुपरावांनी कोणाला कधी धड सांगितलं नाही. राख झटकून फोडलेला रोडगा, त्यावर तुपाची धार आणि सोबत वांग्याची झणझणीत भाजी. माणूस जेवून उठला की बसल्याजागी दोन ढेकर द्यायचा आणि म्हणायचा, “रुपरावभाऊ, हात सोन्याचा हाय तुमचा.” तेवढ्या एका वाक्यावर रुपराव वर्षभर जगायचे.

यंदा हनुमान जयंतीचे रोडगे कंपनीच्या शेठकडून ठरले. कणीक त्याची, तूप त्याचं, वांगी त्याची. काहून? तर कंपनीला दुसरी भट्टी लावायची होती, पहिलीच्या दुप्पट मोठी. एक मे रोजी ग्रामसभा होती आणि तिच्यात ना हरकत ठराव यायचा होता. हे बारक्या पोरालाही कळत होतं. पण मारुतीचा प्रसाद म्हटला की पुढचं बोलायची गावात पद्धत नाही.

नेमका आदल्या दिवशी अवकाळी पाऊस आला. देवळामागच्या पडवीचं छत गळकं, तिथल्या गोवऱ्या भिजून चिखल झाल्या. लोकांच्या घरच्या तर उघड्यावरच रचलेल्या. सकाळी रुपराव जगरा पेटवायला बसले, आणि जगरा नुसता धुमसत राहिला. सुभद्राबाई तेव्हा बायकांत बसून वांगी चिरत होती. तिने लांबून पाहिलं, नवरा फुंकतोय, डोळे पुसतोय, परत फुंकतोय. सूर्य वर आला तशी माणसं देवळाकडे यायला लागली. थोड्या वेळाने तिने पुन्हा मान वर केली तेव्हा जगरा भडभडा पेटलेला होता. तिला बरं वाटलं. नवऱ्याची लाज राहिली, एवढंच तिच्या मनात आलं.

शेठ पांढऱ्या गाडीतून आले. मारुतीला हार घातला, आणि सभामंडप बांधून देण्याचं सगळ्यांसमक्ष बोलून दाखवलं. खैरडोहात एक रीत आहे. जो रोडगे घालेल, त्याने सगळ्यात शेवटच्या पंगतीत बसायचं. सगळं गाव जेवल्यावर जे उरलं असेल ते खायचं, मग जेवण पुरं झालं म्हणतात. शेठला ही रीत दुर्गेशने सांगितली होती. “मी शेवटी बसणार,” शेठ हात जोडून म्हणाले. लोक खूश. मोठा माणूस, पण रीत पाळतो.

दुसरी पंगत बायकांची. सुभद्राबाईच्या शेजारी शोभाताई बसली, भिंतीला भिंत लागलेली शेजारीण. रुपरावांनी स्वतः टोपली घेऊन रोडगे वाढले. तूप पडलं, भाजी पडली, मारुतीचा जयजयकार झाला, आणि सगळ्यांनी पहिला घास तोंडात घातला.

आणि पंगत गप्प झाली.

एरवी बायकांची पंगत म्हणजे कावळ्यांची शाळा. त्या दिवशी नुसतं चावणं ऐकू येत होतं. घासासरशी तोच वास, पहाटे झाकण उघडल्यावर येणारा, पण आता नाकात नाही, जिभेवर. तूप त्याला झाकत नव्हतं, उलट तुपाबरोबर तो टाळूला चिकटत होता. सुभद्राबाईने इकडेतिकडे पाहिलं. शोभाताईचे डोळे पाण्याने भरले होते आणि ती चावत होती. समोरची म्हातारी पाण्याच्या घोटाबरोबर औषधासारखं गिळत होती. एका बाईने पोराच्या तोंडात घास कोंबला आणि त्याने तोंड वाकडं केलं तशी त्याच्या मांडीला चिमटा काढला. प्रसादाला नाव ठेवू नये! टायर खाऊ, पण नाव ठेवणार नाही. धन्य ती श्रद्धा!

सुभद्राबाईला ते जमलं नाही. तिने घास पत्रावळीवर थुंकला.

“अवं, प्रसाद हाय तो!” शोभाताई कुजबुजली.

“याले टायरचा वास येऊन राहिला,” सुभद्राबाई मोठ्याने म्हणाली. “तुले नाही येत?”

शोभाताईने मान खाली घातली. टोपली घेऊन उभे असलेले रुपराव आधी पांढरे पडले, मग लाल झाले.

“तुया जिभेलेच रोग झाला हाय!” भर पंगतीत ते ओरडले. “ऊठ. जा घरी.”

ती उठली. पत्रावळ तशीच ठेवून निघाली. मागे कोणीतरी म्हणालं, देवाच्या दारात थुंकली, आता बघा काय होते ते.

व्हायचं ते एवढंच झालं की त्या संध्याकाळी शोभाताई परसात जाऊन भडाभडा ओकली. भिंतीला भिंत असल्यामुळे सुभद्राबाईला सगळं ऐकू आलं. ती लिंबूपाणी घेऊन गेली. शोभाताई पाणी प्याली आणि तोंड पुसून म्हणाली, “ऊन लागलं मले.”

दुसऱ्या दिवशी धुणं धुताना सुभद्राबाईने नवऱ्याच्या खांद्यावरचा दुपट्टा उचलला. एक कोपरा काळा आणि चिकट. तिने तो नाकाशी नेला, आणि तशीच दगडावर बसून राहिली. आता तिला जगरा कसा पेटला ते कळलं. हवेतून उडून आलेला वास नव्हता तो. तेल ओतलं होतं. आणि ओतणारा हात सोन्याचा होता.

“जगऱ्यात काय टाकलं होतं जी?” तिने दुपारी विचारलं.

“काही नाही.”

रुपरावांनी तिच्याकडे पाहिलं नाही. तीस वर्षांच्या संसारात हा माणूस रागावला होता, रुसला होता, पण खोटं बोलताना तिने त्याला पहिल्यांदाच पाहिलं. तिने दुपट्टा दोनदा धुतला आणि वाळत घातला.

पुढचे दिवस तिला खरे कठीण गेले. गाव तिला टाळायला लागलं. हळदीकुंकवाला बोलावणं येईना. नत्थूजी पारावर बसून म्हणत, रुपरावच्या बायकोने मारुतीला नारळ देऊन माफी मागावी, नाहीतर ग्रामसभेत तोंड उघडू नये. तिच्या हातात एक वाक्य होतं. ते ग्रामसभेत टाकलं असतं तर हेच गाव तोंडावर आपटलं असतं. पण ते वाक्य नवऱ्याच्या मानेवर पडणार होतं. बापाचा मान, सोन्याचा हात, सगळं एका दमात मातीत. नाही टाकलं, तर नाल्याकाठी दुसरी भट्टी, दुप्पट मोठी. रात्रंदिवस तिला याचीच टोचणी. स्वतःचा राग यायचा, त्याचा राग यायचा, आणि दोघांना या कैचीत अडकवून गाडीतून निघून जाणाऱ्या शेठच्या नावाने तर ती भाकरी थापताना पिठाच्या गोळ्याला बुक्के मारायची.

एक मेला शाळेच्या मैदानात झेंडा झाला आणि तिथेच वऱ्हांड्यात ग्रामसभा भरली. पुरुष सतरंजीवर, बायका पायऱ्यांवर. दुर्गेश इस्त्रीचा शर्ट घालून नत्थूजींच्या शेजारी खुर्चीवर. शेठ आले नव्हते, बिस्किटं आली होती.

नत्थूजींनी ठराव वाचला. दुसरी भट्टी, पोरांना रोजगार, मारुतीला सभामंडप. “कोनाले काही बोलायचं हाय का? नसनच.”

“मले बोलायचं हाय,” सुभद्राबाई उभी राहिली. “हनुमान जयंतीच्या रोडग्याले टायरचा वास होता. एक भट्टी असताना प्रसादात घुसली. दोन झाल्यावर कुठं कुठं घुसन?”

हशा झाला. नत्थूजींनी हात वर करून तो थांबवला, न्यायाधीश असल्यासारखं.

“ठीक हाय. सभेलेच विचारू. रोडग्याले वास होता म्हणणाऱ्यानं हात वर करावा.”

एकही हात वर गेला नाही. सुभद्राबाईने एकेका तोंडाकडे पाहिलं. गिळताना डोळे पुसणारी म्हातारी बिस्कीट चहात बुडवत होती. शोभाताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, परत गुंडाळत होती. त्या क्षणी सुभद्राबाईला धुराड्याची नव्हे, माणसांची शिसारी आली. तेलाचा काळेपणा निदान तेलासारखा दिसतो. हे काय होतं? आपल्याच पोटाशी खोटं बोलणारी ही माणसं, हिच्या लग्नात वाढायला आलेली, हिच्या बाळंतपणात पाणी तापवलेली.

“पाहा,” नत्थूजी म्हणाले. “ताई, आता माफी मागा आन् बसा.”

आणि इतके दिवस जे टाळलं होतं ते तिने केलं. माफी मागितली नाही. पुरुषांच्या शेवटच्या रांगेत, खांबाला टेकून बसलेल्या नवऱ्याकडे वळली. आवाज चढवला नाही.

“अजी, तुमीच सांगा. रोडगे तुमी भाजले. जगऱ्यात काय टाकलं होतं?”

रुपराव बसून राहिले. इतके बसून राहिले की लोक मागे वळून बघायला लागले. तिला वाटलं, नाही बोलणार. तिला वाटलं, विचारायला नको होतं. मग ते गुडघ्यावर हात ठेवून उठले.

“टायरचं तेल.”

मग ते नत्थूजींकडे बघून बोलायला लागले.

“गोवऱ्या ओल्या होत्या. दुर्गेशनं कॅन आणून देल्ली. म्हणे, काका, याच्यानं ओलं लाकूडबी पेटते. मले वाटलं, आगीत सगळंच शुद्ध होते. वास जळून जाईन. नाही गेला.”

आणि मग जो गदारोळ उठला! एका मिनिटापूर्वी ज्यांना काही आलं नव्हतं त्यांना आता सगळ्यांना आलं होतं. “तरीच! मले पहिल्याच घासाले समजलं होतं!” “मी बोललो नाही, देवाचं काम म्हणून!” “प्रसाद बाटवला या माणसानं!” ज्याने चार वर्षं गावाच्या छातीत धूर भरला त्याच्या नावाने चकार शब्द नाही, आणि रुपरावांच्या अंगावर मात्र माणसं धावून आली. कोणी म्हणालं, शुद्धी करा. कोणी म्हणालं, यापुढे याचा हात रोडग्याला नको. नत्थूजींनी लगेच जाहीर केलं, पुढच्या वर्षापासून दुसरा माणूस. बापापासूनचा मान बिस्किटाच्या पुड्यासारखा इकडून उचलून तिकडे दिला.

दुर्गेश हुशार. तो खुर्चीवरून उठला.

“टेन्शन नोका घेऊ. काकाची चूक झाली, मोठा माणूस हाय, माफ करा. शुद्धीचा सगळा खर्च कंपनी करन. पुन्हा रोडगे घालू, डबल.”

आणि काही हातांनी टाळ्या वाजवल्या. हो, वाजवल्या!

“थांब,” रुपराव म्हणाले. ते अजून उभेच होते. “माया हात काढून घेतला, घ्या. पण शेवटच्या पंगतीचं सांगतो. त्या दिवशी शेवटच्या पंगतीले मी एकटा होतो. उरलेले रोडगे मी खाल्ले, कारण भाजले मी होते. शेठसाठी पत्रावळ मांडली होती. शेठ बसले नाही. काम हाय म्हणे. हा दुर्गेशबी बसला नाही. गाडीत बसून दोघंबी हायवेच्या ढाब्यावर गेले.”

हे सुभद्राबाईलाही नवीन होतं. ती तर तेव्हा घरी होती. हा माणूस रिकाम्या देवळात, एकटा, आपल्या हातचं टायर खात बसला होता आणि घरी येऊन काही बोलला नव्हता.

सभेचा रंग बदलायला एवढं पुरलं. विहीर नासली, सहन केलं. लेकरं खोकली, सहन केलं. पण आपण घातलेल्या जेवणाला यजमान बसला नाही? गावाला खाऊ घालायचं आणि स्वतः ढाब्यावर जायचं? याला खैरडोहात माफी नाही. शोभाताई पायरीवरून ताडकन उठली.

“काहून रे दुर्गेश? तू कोन्या पंगतीले होता?”

दुर्गेशने शर्टाची बाही सारखी केली.

“काकू, तेवढ्यात साहेबाचा फोन आला...”

“म्हंजे तुले माईत होतं! तुमी दोघं तंदुरी खायाले गेले आन् मी परसात आतडे पडेपर्यंत ओकली!” बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय बोललो. तिने सुभद्राबाईकडे पाहिलं आणि नजर काढली. “होता वास,” ती म्हणाली. “होता. बस?”

नत्थूजींनी घाम पुसला आणि ठराव तहकूब झाल्याचं सांगितलं. तहकूब! म्हणजे पावसाळ्यात, माणसं धानाच्या रोवणीला गेली की दहा डोकी जमवून मंजूर. सुभद्राबाईने हे डाव आयुष्यभर पाहिले होते.

“तहकूब नाही. नामंजूर लिहा,” ती म्हणाली आणि वऱ्हांड्याच्या तोंडाशी बसली. शोभाताई तिच्या शेजारी बसली. मग म्हातारी बसली, मग बाकीच्या. ग्रामसेवकाला बाहेर पडायला वाट उरली नाही. ऊन डोक्यावर आलं, बिस्किटं संपली, दुर्गेश भिंतीवरून उडी मारून निघून गेला. शेवटी ग्रामसेवकाने लिहिलं, मोठ्याने वाचून दाखवलं. दुसऱ्या भट्टीला गावाची हरकत.

नाल्यासाठी नाही, लेकरांसाठी नाही, शेठ पंगतीला बसला नाही म्हणून. असो. नकार तो नकार. गाव अक्कल कुठल्या दाराने आत घेईल ते आपल्या हातात नसतं. आणि पहिली भट्टी चालूच होती. त्या दुपारीही टायरचे दोन ट्रक फाटकातून आत गेले.

दोघं घरी आली. वाटेत कोणी रुपरावांना रामराम केला नाही. नवरा एका दुपारीत म्हातारा झाल्यासारखा वाटला तिला. आपणच त्याला हे केलं, हे तिला कळत होतं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा विचारू, हेही कळत होतं.  तिने वरण-भात टाकला. ते ओसरीवर खाटेवर बसून होते. संध्याकाळी वारा फिरला, नाल्याकडून घराकडे यायला लागला, आणि रुपरावांनी दुपट्टा नाकाला लावला.

“आला,” ते म्हणाले.

“काय?”

“वास.”

तिने हातातलं भांडं खाली ठेवलं. चार वर्षं हा शब्द या माणसाच्या तोंडून ऐकायला ती झुरली होती. ऐकल्यावर आनंद व्हायचा सोडून तिला संताप आला.

“आता आला तुमाले? चार वर्षं काय नाकाले कुलूप होतं?”

रुपरावांनी दुपट्टा नाकावरून खाली घेतला.

“तेव्हाबी येत होता,” ते म्हणाले.